पाणी घालूनही माना टाकणाऱ्या कुंड्या : उन्हाळ्यात गच्चीवरच्या भाजीपाल्याचे नेमके काय बिघडते

तक्रार दरवर्षी एकाच सुमारास येते आणि तिचे शब्दही फारसे बदलत नाहीत. होळी होऊन महिना उलटलेला असतो, हिवाळ्यात लावलेल्या टोमॅटोची शेवटची फळे उतरवून झालेली असतात, वांगी आणि मिरची भरात असतात, आणि एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी गच्चीवरची सगळी झाडे माना टाकून उभी दिसतात. घरातले कोणीतरी झारी घेऊन धावते, संध्याकाळी झाडे पुन्हा ताठ होतात आणि पाण्याने काम झाले हा समज पक्का होतो. दुसऱ्या दिवसापासून पाणी दोन वेळा, आठवड्याभराने तीन वेळा होते. पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी पडू लागतात, नवी पालवी बारीक येते आणि एक दिवस झाड ओल्या मातीत उभ्या उभ्या वाळते. ‘पाण्यात कधी खंड पडू दिला नाही, तरी गेले,’ हे वाक्य मी शेजाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून ऐकले आहे आणि पहिली काही वर्षे स्वतःही म्हटले आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की माणसेही दुपारी दार उघडत नाहीत. त्यामुळे झाड उन्हाने करपले असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक आहे. तो अर्धाच खरा आहे. कुंडीतले झाड पानांना ऊन लागून क्वचित मरते. बहुतेक वेळा ते मुळे निकामी होऊन मरते. मुळे निकामी होण्याची जी तीन नेहमीची कारणे आहेत, त्यांपैकी एकच पाण्याच्या कमतरतेचे आहे, आणि तेही वरून जास्त पाणी ओतल्याने सुटत नाही. म्हणून झारी उचलण्याआधी निदान करावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

पहाटे सहा वाजता पाहावे

दुपारी दोन वाजता झाडाकडे पाहून कोणताही निर्णय घेऊ नये. दोडका, दुधी, काकडी, वांगे अशा मोठ्या पानांच्या झाडांतून भर उन्हात जेवढे पाणी हवेत जाते तेवढे मुळे त्या वेळी वर चढवू शकत नाहीत, मग माती पुरेशी ओली असली तरी पाने लोंबतात. लोंबलेल्या पानाचा कमी भाग उन्हासमोर येतो, म्हणजे झाडाने स्वतःपुरती केलेली ती सावलीच असते. ऊन उतरले की ते आपोआप सावरते. आपण पाच वाजता पाणी घातले आणि सात वाजता झाड उभे राहिले, तर श्रेय झारीला जाते. वास्तविक ते मावळत्या सूर्याचे असते.

खरी परीक्षा पहाटेची. रात्रभरात मुळांना तूट भरून काढण्याची संधी मिळालेली असते, त्यामुळे सहा वाजता जे दिसते ते विश्वासार्ह असते. पाने ताठ असतील तर झाडाला काहीही झालेले नाही. दुपारी ते पुन्हा मान टाकेल आणि तशी ती टाकू द्यावी. पाने लोंबलेली आणि बोट दोन पेरे खुपसल्यावर माती कोरडी लागत असेल तर झाड तहानलेले आहे. पाने लोंबलेली आणि माती मात्र ओली असेल, तर मुळांनी काम करणे थांबवले आहे आणि यापुढे घातलेला प्रत्येक तांब्या ते मरण लवकर आणणार आहे.

बोटाने फक्त वरचा थर कळतो. लहान कुंडी सरळ उचलून पाहावी. आठवड्याभरात हाताला भरलेल्या आणि रिकाम्या कुंडीतला फरक कळू लागतो. ज्यांचा हातावर विश्वास नाही त्यांनी घरातल्या वजनकाट्यावर एक कुंडी सकाळी पाणी निथळल्यावर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवून पाहावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे दिवसभरात झाडाने आणि उन्हाने मिळून किती पाणी नेले याचा हिशेब लगेच मिळतो. असा हिशेब एकदा केला की ‘किती पाणी घालावे’ हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा लागत नाही.

एक कुंडी उपडी करून पाहिली तेव्हा

तीन चुका मला एकाच कुंडीत दिसल्या, म्हणून ती कुंडी जराशी तपशिलाने सांगतो. बारा इंची, काळ्या प्लॅस्टिकची, कठड्याला टेकवून ठेवलेली, वांग्याची. झाड जाणार हे ठरलेलेच होते, तेव्हा कुंडी आडवी केली, काठावर तळहाताने दोन-चार थापा दिल्या आणि मातीचा गोळा सरकवून बाहेर घेतला. तो इतका सहज निघाला हीच पहिली खूण होती; माती कुंडीच्या भिंतीपासून पेन्सिलीच्या जाडीएवढी सुटलेली होती. गोळा बाहेरून ओला, चकचकीत काळा दिसत होता. दोन्ही हातांनी मोडला तेव्हा आतला गाभा राखाडी निघाला आणि बोटांत चुरल्यावर त्याचे पीठ झाले. एका बाजूला पांढऱ्या मुळांची दाट जाळी होती. दुसऱ्या बाजूला, जवळजवळ अर्ध्या परिघात, मुळे तपकिरी होऊन भिजलेल्या सुतळीसारखी झाली होती. एक ओढले तर वरची साल हातात आली आणि आत केसाएवढा दोरा शिल्लक राहिला. तळाच्या दोन बोटे थराला गटारासारखा वास येत होता. तपकिरी बाजू कोणती, ते आठवायला फार विचार करावा लागला नाही, कारण कठडा पूर्वेला होता. ती बाजू पश्चिमेची होती.

भाजलेली मुळे, कोरडा गाभा आणि कुजलेला तळ, अशी ही तीन दुखणी. वरून तिन्हींचे लक्षण एकच दिसते, हीच या तक्रारीची खरी अडचण आहे.

पश्चिमेकडून भाजणारी कुंडी

जमिनीतल्या झाडाची मुळे अर्धा फूट खोलीवर बरीच गारव्यात असतात. कुंडीतल्या मुळांना तो आसरा नसतो. ती भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीलगतच सर्वांत दाट असतात. भाजीपाल्याच्या बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ माती ३५ अंशांच्या पुढे तापली की मंदावते, ४० च्या पुढे जवळपास थांबते, आणि ४५ च्या पुढे काही तासांतच पेशींना इजा होऊ लागते. उन्हात ठेवलेल्या काळ्या कुंडीच्या कडेची माती विदर्भातल्या मे महिन्यात ही शेवटची रेषा सहज ओलांडते. स्वयंपाकघरात पदार्थात खुपसायचा डिजिटल तापमापक मिळतो, तो दुपारी चार वाजता कुंडीच्या पश्चिम कडेपासून एक इंचावर आणि नंतर मध्यभागी खुपसून पाहावा. दोन आकड्यांतला फरक पाहिल्यावर आणखी समजावून सांगावे लागत नाही.

पश्चिमच का, याचे कारण सूर्याच्या वाटेत आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, आणि तेव्हा कुंडीच्या भिंतीवर ऊन पडतच नाही, कारण वरची पानेच तिला सावली देतात. तीननंतर मात्र ऊन तिरपे होऊन थेट कुंडीच्या पोटावर येते आणि हवेचे तापमानही नेमके त्याच वेळी कमाल असते. शिवाय उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो. जानेवारीत दक्षिणेच्या भिंतीची किंवा जिन्याच्या खोलीची जी सावली हुकमी मिळत होती ती मे महिन्यात आखडून भिंतीच्या पायाशी येते, आणि हिवाळ्यात अंधारी वाटणारी उत्तरेची बाजू सकाळ-संध्याकाळ उन्हात सापडते. कुंड्या जानेवारीतल्या जागेवरच ठेवून ‘इथे तर सावली असते’ असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच एक होतो.

उपाय यावरूनच ठरतात. शेडनेट फक्त छपरासारखे वर बांधून भागत नाही. ते पश्चिम आणि वायव्य बाजूला पडद्यासारखे खाली सोडावे लागते. फळभाज्यांना ३५ टक्के आणि पालेभाज्यांना ५० टक्के सावलीचे नेट पुरते. ‘जास्त सावली म्हणजे जास्त गारवा’ या हिशेबाने ७५ किंवा ९० टक्क्यांचे नेट लावले तर झाडे वाचतात, पण लांबुडकी होतात आणि फळ धरत नाहीत. नेट झाडांच्या शेंड्यापासून किमान दोन-तीन फूट उंच असावे, नाहीतर खाली गरम हवा कोंडते.

नेटपेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे कुंडीची भिंत झाकणे. मातीच्या कुंडीला बाहेरून चुना फासला की ऊन परतते आणि कुंडीच्या अंगातून पाणी झिरपत असल्याने ती माठासारखी थोडीफार स्वतःच गार राहते. प्लॅस्टिकवर चुना टिकत नाही. तिथे पांढरा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर आतल्या रांगांना बाहेरच्या रांगेची सावली मिळते, आणि बाहेरच्या पश्चिम रांगेत कढीलिंब, गवती चहा, कोरफड अशी सोशिक मंडळी उभी करावीत. मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू किंवा कोरडा पाला भरणे हाही जुना आणि चांगला उपाय आहे, विशेषतः पुदिन्यासाठी.

कुंड्या स्लॅबवर टेकवू नयेत. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो, त्यामुळे कुंडीला रात्रीचाही विसावा मिळत नाही. दोन विटांवर कुंडी उचलली की खालून हवा जाते आणि तळाची छिद्रेही मोकळी राहतात. कठड्यापासूनही दीड-दोन फूट अंतर ठेवावे, कारण ती भिंतही तापलेली असते आणि तिच्या आडोशाला वारा लागत नाही.

पाणी येते आणि जाते

कोरड्या गाभ्याचे कारण बहुधा माती असते. नागपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यातली काळी माती शेतात सोन्याची, पण कुंडीत त्रासाची. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भिंत सोडते. एकदा ती फट पडली की वरून घातलेले पाणी फटीतून सरळ तळाला जाते आणि छिद्रातून बाहेर येते. खाली पाणी आलेले पाहून आपण समाधानाने झारी ठेवतो आणि गाभा मात्र आठ-आठ दिवस कोरडा राहतो. निव्वळ कोकोपीट आणि खत भरलेल्या कुंड्याही एकदा पार सुकल्या की असाच गोळा आकसतो.

अशा कुंडीला वरून कितीही पाणी दिले तरी उपयोग नाही. ती बुडवावी लागते. मोठ्या टबात कुंडीच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत पाणी घेऊन त्यात कुंडी उभी ठेवावी. आधी बुडबुडे भराभर येतात, मग मंदावतात आणि वीस-तीस मिनिटांत थांबतात. ते थांबले की कुंडी काढून निथळू द्यावी आणि भिंतीलगतची फट गांडूळखत आणि बारीक मातीच्या मिश्रणाने बंद करावी. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर छत्रीच्या काडीने गोळ्यात सात-आठ ठिकाणी खोल भोके पाडून पाणी तीन हप्त्यांत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने द्यावे.

पुढच्या वर्षी माती भरताना काळी माती एक चतुर्थांशाहून जास्त घेऊ नये. उरलेल्यात गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, कोकोपीट आणि भाताचे तूस घालावे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांमुळे आपल्याकडे तूस स्वस्तात मिळते आणि ते माती दीर्घकाळ भुसभुशीत ठेवते. ‘पूर्ण कुजलेले’ या शब्दांवर जोर आहे. अर्धे कच्चे शेणखत कुंडीतच कुजू लागले की स्वतःची उष्णता त्यात भर घालते.

माती भरल्यावर दोन इंच जाडीचे आच्छादन हवेच. पालापाचोळा, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या, यांतले जे मिळेल ते चालते. खेड्याशी संबंध असेल तर तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार सर्वांत सोयीचे, कारण ते बारीक असते आणि वाऱ्याने सहसा उडत नाही. आच्छादन खोडाला चिकटवू नये, बोटभर जागा सोडावी.

आणखी एक उपाय मला फार आवडतो, आणि त्याचा खर्च शून्य आहे. संक्रांतीची सुगडी घरात पडून असतात. रंग न दिलेले एक सुगड मोठ्या कुंडीत, मुळांना धक्का न लागेल अशा बेताने, गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि पणती उलटी ठेवून तोंड झाकावे. भाजलेल्या सच्छिद्र मातीच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते आणि माती जेवढी कोरडी तेवढे जास्त झिरपते. वीस लिटरहून लहान कुंडीत सुगडच जागा खाते, तिथे हा नाद करू नये. शेतीत मटका सिंचन म्हणतात ते हेच, फक्त घरगुती मापात.

पाणी द्यायची वेळ पहाटेची. संध्याकाळी द्यायचे झाल्यास पाइपातले पहिले पाणी बादलीत काढून घ्यावे, कारण उन्हात पडलेल्या पाइपातले पाणी हाताला चटका बसण्याइतके तापलेले असते. पानांवर पडलेला थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतो, असे सांगितले जाते; गुळगुळीत पानांच्या बाबतीत त्यात फारसे तथ्य नाही. पान जळते ते या गरम पाण्याने किंवा पाण्यातल्या क्षारांनी, आणि दोष थेंबाला मिळतो.

ओल्या मातीत कुजलेला तळ

तळ कुजण्याचे श्रेय जवळजवळ नेहमी प्रेमाला असते. छिद्रे बुजलेली, खाली पाण्याने भरलेली ताटली, आणि वरून दिवसातून तीन वेळा पाणी. गरम आणि पाणी साचलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज करणाऱ्या बुरशींना याहून सोयीची जागा नाही. उन्हाळ्यात ताटली काढून टाकावी. तळाला पेन्सिलीच्या जाडीची चार-पाच छिद्रे असावीत. तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडकते, म्हणजे ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा कौलाचा एक तुकडा पुरतो.

तळ कुजायला लागला असेल तर झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग छाटावा, कुंडी उजेड असलेल्या सावलीत न्यावी, वरची दोन इंच माती सुकेपर्यंत पाणी देऊ नये आणि खत तर मुळीच देऊ नये. अशक्त मुळांवर खत म्हणजे जखमेवर मीठ, आणि इथे ही म्हण शब्दशः खरी आहे. मिरची आणि वांगे यातून अनेकदा परत येतात. टोमॅटो सहसा येत नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकूज रोखणारी मित्रबुरशी, माती भरताना मिसळलेला बरा. कुजलेल्या मुळांवर ओतून चमत्काराची वाट पाहू नये.

टोमॅटो, वांगे किंवा मिरची हिरवीगार असतानाच एक-दोन दिवसांत संपूर्ण कोमेजली आणि पहाटेही सावरली नाही, तर एक चाचणी करावी. खोड बुडाजवळ कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात लोंबता धरावा. काही मिनिटांत कापाच्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरताना दिसला तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्याला उपाय नाही. झाड मुळासकट काढून टाकावे, ती माती दुसऱ्या भाजीच्या कुंडीत घालू नये आणि कातरी धुऊन घ्यावी.

कूलरचे पाणी

हा मुद्दा विदर्भाचा खास आहे आणि तो मला उशिरा कळला. पाण्याची टंचाई असते म्हणून कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि काटकसर म्हणून ती कौतुकास्पद वाटते. परंतु कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. आपण टाकीत रोज नवे पाणी भरत जातो, त्यातले पाणी हवेत जाते आणि मागे राहिलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात. तट्ट्यांवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच पुरावा आहे. मुळात पाणी बोअरचे असेल तर आठवड्याअखेरचे ते पाणी झाडाला खारे विषच ठरते. पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन वाळणे, मातीवर आणि कुंडीच्या बाहेरून पांढरी भुकटी येणे, ही त्याची लक्षणे. हे पाणी भाजीला घालू नये, अंगणात शिंपडावे. वातानुकूलन यंत्रातून टपकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, ते खुशाल वापरावे.

क्षार साठलेच असतील तर वरचा इंचभर थर खरवडून टाकावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्यावे. एवढे पाणी मे महिन्यात कोणाकडे नसते, म्हणून हे काम फेब्रुवारीत उरकावे. राहिले तर पावसाळा ते फुकट करतो.

झाड ठीक, पण फळ नाही

टोमॅटोला फुले येतात आणि देठाच्या गाठीपासून गळून पडतात, ही दुसरी मोठी तक्रार. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे साधारण २४ अंशांच्या पुढे राहू लागले की परागकण निकामी होतात आणि फळधारणा होत नाही. मेमध्ये आपल्याकडे रात्रीचा पारा २८-३० पर्यंत असतो, तेव्हा कोणतेही टॉनिक फवारले तरी फूल टिकणार नाही. पैसे वाचवावेत. झाड नेटखाली जिवंत ठेवता आले तर ठेवावे, नाहीतर काढून तिथे भेंडी लावावी. टोमॅटोच्या बुडाला काळा, बसका डाग पडत असेल तर त्याचे कारण मातीत चुन्याची कमतरता हे क्वचितच असते. पाणी कधी खूप, कधी नाही, असे झाल्याने कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले टाकून तो डाग थांबत नाही, पाणी नियमित झाल्याने थांबतो.

वेलांना फक्त नर फुले येतात हेही उष्णतेचेच लक्षण आहे. तापमान आणि दिवसाची लांबी वाढली की नर फुलांचे प्रमाण वाढते. मादी फुलामागे बारीक फळ दिसते, ते आल्यावर गच्चीवर मधमाश्या नसतील तर परागीभवन हाताने करावे. काकडी आणि कारल्याचे सकाळी लवकर करावे. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी ब्रश घेऊन त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

मिरचीची पाने आकसली तर ते पाण्याचे दुखणे नव्हे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखे पान झाले असेल तर बहुधा फुलकिडे असतात. खालच्या बाजूला वळून देठ लांबला असेल तर कोळी. वांग्याच्या आणि भेंडीच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळे दिसले तर लाल कोळी. या सगळ्यांना कोरडी गरम हवा मानवते, म्हणून पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे हाच पहिला उपाय. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. कडुनिंबाचे तेल भर उन्हात फवारून मी मिरचीची पाने स्वतः जाळलेली आहेत.

सांबार उगवतच नाही

आम्ही विदर्भात जिला सांबार म्हणतो ती कोथिंबीर एप्रिलनंतर एक तर उगवत नाही, किंवा वीत-दीड वीत होताच फुलावर येते. तिला थंडी मानवते, आणि तापलेल्या वरच्या मातीत बी निजूनच राहते. धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत, मग ओल्या सुती फडक्यात बांधून ती पुरचुंडी पाण्याच्या माठाच्या तिवईखाली ठेवावी. तिथला गारवा घरातल्या कोणत्याही कोपऱ्यापेक्षा भरवशाचा असतो. पाच-सहा दिवसांत मोड डोकावू लागले की ५० टक्के नेटखाली, पसरट आणि निदान सहा इंच खोल कुंडीत पेरावेत आणि उगवून येईपर्यंत वर ओले गोणपाट ठेवावे. महिन्याच्या आत कापून घ्यावे, दुसऱ्या कापणीचा मोह धरू नये. मेथीही उन्हाळ्यात मोठी होऊ देऊ नये. मुंबईच्या बाजारात समुद्र मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, तेवढ्याच उंचीला ती उपटावी.

खरे तर उन्हाळ्याची निवड वेगळीच हवी. राजगिरा, लाल माठ, तांदुळजा, अंबाडी आणि मायाळू या पालेभाज्या उन्हात वाढतात. भेंडी, गवार, बरबटी आणि ढेमसे या फळभाज्या. भेंडीत परभणी क्रांतीसारखे केवडा रोगाला दाद न देणारे वाण घेतले तर पुढे पावसाळ्यातही काढणी चालू राहते. पालकाच्या मागे लागून दरवर्षी एप्रिल वाया घालवण्यापेक्षा तांदुळजाची एक कुंडी जास्त भाजी देते.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की नेट लगेच काढून टाकू नये. ढग दोन दिवसांत विरतात आणि सावलीत वाढलेली कोवळी पाने एका दुपारीत पांढरी पडतात. आठवडाभरात, आधी पश्चिमेचा पडदा आणि मग छप्पर, या क्रमाने ते उतरवावे. पहिला पाऊस आला त्याच दिवशी प्रत्येक कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून एक काडी आरपार घालून पाहावी, कारण उन्हाळ्यात मुळांनी बुजवलेली छिद्रे पहिल्या मोठ्या सरीपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाहीत.